ओंडका ओढायचाय? मग गाठ नीट निवडा

खानापूर, जांबोटी, चोर्ला, सत्तरी, दोडामार्ग या पट्ट्यात ज्यांचं गावचं घर आहे, त्यांना पावसाळ्याची ही बाजू वेगळी सांगायला नको. एखाद्या रात्री वारा सुटतो, कौलं खडखडतात, आणि सकाळी बघावं तर परसातला आंबा किंवा फणस वाटेवर आडवा पडलेला असतो. मे २०२१मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा तर गावागावांत झाडं कोसळली होती. रस्त्यावरची झाडं सरकारी माणसं हटवतात. अंगणातलं, बागेतलं झाड मात्र आपलं आपल्यालाच बघावं लागतं.

चेनसॉवाला येतो, तासाभरात खोडाचे तुकडे पाडतो, पैसे घेतो आणि पुढच्या घरी जातो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. हे ओंडके इथून हलवायचे कसे? मग घरातली तरुण मंडळी पुढे होतात. कोणी बेळगावहून आलेलं, कोणी पणजीहून, कोणी पुण्याहून. माळ्यावरचा निळा प्लॅस्टिकचा दोर निघतो, ओंडक्याला दोन-चार वेढे दिले जातात, वर हाताला येईल ती गाठ, आणि ‘हां, ओढा रे!’

यापुढे सहसा तीनपैकी एक गोष्ट घडते. दोर सटकतो आणि ओढणारे सगळे मागे पडतात. किंवा दोर टिकतो, पण ओंडका आडवा फिरून कुंपणात घुसतो. किंवा ओंडका मुक्कामी पोचतो, पण गाठ इतकी आवळलेली असते की शेवटी कोयत्याने दोर कापावा लागतो. चौथी गोष्टही घडू शकते. ताणलेला दोर तुटून किंवा सुटून कोणाच्या तरी तोंडावर बसतो, नाहीतर ओंडका घरंगळत पायावर येतो. गाठ ही अशा वेळी दोनशे किलोचं लाकूड आणि आपल्या घरची माणसं यांच्यामधली एकमेव गोष्ट असते. म्हणून ती हाताला येईल तशी मारू नये, विचारून निवडावी.

गाठीला विचारायचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न: ताण आल्यावर ती घट्ट होते की सैल? ओंडका ओढताना ताण एकसारखा नसतो. मुळात अडकला की वाढतो, सुटला की कमी होतो. गाठ अशी हवी की जितकं ओढाल तितकी ती लाकडाला चिकटेल.

दुसरा प्रश्न: ओंडका सरळ येईल का? दोर मधोमध बांधला तर ओंडका आडवा फिरणारच. ओढ लांबीच्या दिशेने आणि पुढच्या टोकाजवळून लागली पाहिजे.

तिसरा प्रश्न: काम झाल्यावर ती सुटेल का? दहा ओंडके हलवायचे असतील तर दहा वेळा गाठ बांधायची आणि दहा वेळा सोडायची आहे. पावसात, चिखलाच्या हातांनी. दर वेळी हातभर दोर कापायचा म्हटलं तर संध्याकाळी हातात दोराचे तुकडेच उरतील.

आपल्या भाषेत यासाठी दोन नेमके शब्द आहेत: निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ म्हणजे आवळून बसणारी, सहज न सुटणारी. सुरगाठ म्हणजे एक टोक ओढलं की मोकळी होणारी. परकराची नाडी, धान्याचं पोतं, गाईचं दावं अशा कामांमध्ये कुठे निरगाठ आणि कुठे सुरगाठ हे आपल्या आज्यांना विचार न करता कळायचं. ओंडक्याचं काम अवघड आहे ते एवढ्याचसाठी, की तिथे दोन्ही गुण एकाच गाठीत हवे असतात. ताण असेपर्यंत निरगाठ आणि ताण गेला की सुरगाठ.

नेहमीच्या गाठी का फसतात?

आपल्याला सगळ्यांना येते ती साधी गाठ, एकावर एक दोनदा मारलेली. पिशवीचं तोंड बांधायला ती ठीक आहे. शंभर किलोच्या ओढीखाली मात्र ती दगडासारखी होते. काथ्याचा दोर ओला असेल तर विचारूच नका, धागे फुगून एकमेकांत रुततात.

दुसरी नेहमीची म्हणजे फास. ओढलं की आवळतो, म्हणून लोकांना तो आवडतो. पण साध्या गाठीवर बनवलेला फास आवळल्यावर ती गाठसुद्धा आवळते, आणि सोडताना तीच पंचाईत.

तिसरी, स्काउटमध्ये शिकवतात ती क्लोव्ह हिच, म्हणजे खांबाभोवती एकमेकांवर टेकणारे दोन वेढे. स्थिर खांबाला दोर अडकवायला ही गाठ सुरेख. पण ओंडका गोल असतो आणि ओढताना तो स्वतःभोवती फिरतो. वस्तू फिरली किंवा ताण झटक्याझटक्याने आला की क्लोव्ह हिच सरकते, कधी उलगडतेसुद्धा.

चौथी बोलाइन. गाठींची राणी म्हणावी अशी ही गाठ आहे. तिचा फाशासारखा न आवळणारा, ठरलेल्या मापाचा गोल तयार होतो, आणि कितीही ताण दिला तरी नंतर ती हाताने सुटते. पण तिचा गोल आवळत नाही, हीच इथे अडचण. ओंडक्यावर तो सैल राहतो आणि पुढे ओढताना टोकावरून निसटून येतो. बोलाइनचा उपयोग आहे, पण वेगळ्या पद्धतीने. त्याकडे पुढे येऊच.

ओंडक्याची हक्काची गाठ

या कामासाठी जगभर जी गाठ वापरतात तिचं इंग्रजी नावच ‘टिंबर हिच’ आहे. आपण तिला ओंडकागाठ म्हणू. खरं तर तिला गाठ म्हणावं की नाही, असाच प्रश्न पडतो. दोराचं टोक फक्त स्वतःभोवती तीन-चार वेळा पिळलेलं असतं. ओढ लागली की दोराचा वेढा तो पीळ लाकडावर दाबून धरतो, आणि या दाबामुळेच टोक सटकत नाही. ओढ थांबली की दाब जातो आणि दोन बोटांनी पीळ उलगडता येतो. ताण असेपर्यंत निरगाठ, ताण गेला की सुरगाठ.

तुमच्यापैकी कोणी नायलॉनच्या तारांचं गिटार किंवा युकुलेले वाजवत असेल, तर ही गाठ तुम्ही रोज बघता. ब्रिजच्या भोकातून आलेली तार वळून स्वतःखालून जाते आणि तिथेच दबून राहते, ती हीच युक्ती. स्काउट-गाईडमध्ये असाल तर दोन तिरक्या काठ्या बांधण्याची, म्हणजे डायगोनल लॅशिंगची सुरुवात याच गाठीने करता. गाठींचा अभ्यास करणाऱ्या क्लिफर्ड ॲशली यांनी १९४४मध्ये गाठींचा जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही ओंडके ओढण्याच्या कामाशी ही गाठ जोडलेली आहे.

ती मारायची अशी:

१. दोराचं मोकळं टोक ओंडक्याखालून पलीकडे काढा. ओंडका जमिनीला चिकटलेला असेल तर पहारीने थोडा उचलून खाली दगड किंवा फळकूट सरकवा. हात ओंडक्याखाली घालू नका, दोर काठीने ढकला.

२. पलीकडून आलेलं टोक वरून आपल्याकडे आणा आणि ओढीच्या दोराभोवती एकदा वळवा. आता टोक परत उलट्या दिशेने, म्हणजे ओंडक्यावर बसलेल्या वेढ्याकडे जाऊ लागेल.

३. ते टोक त्या वेढ्याभोवती पिळा. काथ्याचा किंवा सुती दोर असेल तर तीन पीळ पुरे. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दोराला पाच द्या. टोक किमान वीतभर बाहेर राहू द्या.

४. दोर तीन पदरी वळलेला असेल तर त्याचा मूळ पीळ ज्या दिशेने आहे, त्याच दिशेने टोक गुंडाळा. मग ते पदरांमधल्या खाचेत नीट बसतं. उलट दिशेने गुंडाळलं तर अंगावर येतं.

५. आता ओढीचा दोर हळूहळू ताणा. सगळे पीळ लाकडाला टेकून दाबले जात आहेत ना, हे बघा. ते ओंडक्याच्या वरच हवेत राहिले असतील तर पकड येणार नाही. सोडून पुन्हा मारा.

इथे एक चूक फार जणांकडून होते. टोक वेढ्याभोवती पिळण्याऐवजी ओढीच्या दोराभोवतीच पिळलं जातं. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखं दिसतं, पण दुसऱ्या प्रकारात पिळांना लाकडाचा आधारच मिळत नाही. पहिल्या हिसक्यालाच गाठ सुटते. म्हणून पिळलेला भाग ओंडक्याच्या अंगावर आहे ना, एवढं एक तपासायची सवय लावून घ्या.

सरळ चालण्यासाठी एक वेढा पुढे

नुसती ओंडकागाठ मारून ओढलं तर ओंडका डुलत, फिरत येतो. त्यावर उपाय अगदी सोपा. ओंडकागाठ पुढच्या टोकापासून बरीच मागे, म्हणजे लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर किंवा मध्याजवळ मारा. मग ओढीचा दोर ओंडक्याच्या अंगावरून पुढे आणा आणि पुढच्या टोकाजवळ एक अर्धा वेढा द्या. दोराचा एक गोल करायचा, ओढीची बाजू त्या गोलाच्या खालून दाबली जाईल असा, आणि तो ओंडक्याच्या टोकावरून टोपी घातल्यासारखा सरकवायचा. टोक मोकळं असेल तर दोर पुन्हा खालून घालायचीही गरज नाही.

या एका वेढ्याने दोन कामं होतात. ओढ पुढच्या टोकापासून लागते म्हणून ओंडका बाणासारखा दोराच्या मागे येतो. आणि ताण दोन ठिकाणी वाटला जातो म्हणून मागच्या गाठीवरचा भार कमी होतो. ओंडका लांब असेल किंवा साल निघून गुळगुळीत झाला असेल तर मध्ये आणखी एक अर्धा वेढा द्या.

झाडाचं खोड एका बाजूला जाड आणि एका बाजूला निमुळतं असतं. शक्यतो जाड बाजू पुढे ठेवा. म्हणजे दोर पुढे सरकू लागला तरी तो अधिक जाड भागाकडे जातो आणि आवळतो. निमुळती बाजू पुढे ठेवली तर दोराला निसटायला आयतीच वाट मिळते. तसं करावंच लागलं तर वेढा बसेल तिथे कुऱ्हाडीने बोटभर खोल खाच पाडा.

आणि पुढच्या टोकाची धार तासून गोल करा. कापलेल्या ओंडक्याची काटकोनी कड नांगराच्या फाळासारखी जमिनीत घुसते, दगडाला अडते, मुळात रुतते. पाच मिनिटं कुऱ्हाड चालवली तर पुढच्या तासाची कंबरदुखी वाचते.

वजनाचा अंदाज आधी घ्या

ओंडका बघून ‘चार जण पुरेत’ असं म्हणण्याआधी ढोबळ हिशेब करा. ३० सेंटिमीटर जाडीचा आणि ३ मीटर लांबीचा ओंडका घेतला तर त्याचं घनफळ सुमारे ०.२१ घनमीटर होतं. ताजं, ओलं लाकूड बहुतेकदा पाण्याच्या घनतेच्या आसपास असतं. म्हणजे हा मध्यम दिसणारा ओंडका भरतो जवळपास २०० किलो! जाडी दुप्पट झाली तर वजन दुप्पट होत नाही, चौपट होतं. ६० सेंटिमीटर जाडीचा तेवढाच लांब ओंडका ८०० किलोच्या घरात जातो. तो माणसांनी आणि घरगुती दोराने ओढायचा नाही. तिथे साखळी, चेनब्लॉक आणि ते रोज वापरणारी माणसं लागतात.

उघड्या जमिनीवर ओढायला साधारण वजनाच्या निम्मा ते दोन तृतीयांश जोर लागतो. म्हणजे २०० किलोच्या ओंडक्याला १०० ते १३० किलो. खाली आडवी गोल लाकडं टाकली तर तो बराच कमी होतो.

दोर कोणता?

गाठ कितीही चांगली असली तरी ती दोराचाच एक भाग असते. शिवाय कुठलीही गाठ मारली की दोर तिथे वाकतो आणि त्याची ताकद कमी होते. गाठीप्रमाणे हा तोटा वेगळा असला तरी तृतीयांश ते निम्मी ताकद गेली असं धरूनच चालावं.

काथ्याचा दोर आपल्या किनारपट्टीचा जुना सोबती. खरखरीत असल्यामुळे गाठ पक्की धरतो, हातातून सटकत नाही. पण जाडीच्या मानाने ताकद कमी, आणि पावसाळाभर गोठ्यात पडलेला दोर आतून कुजलेला असू शकतो. पीळ उकलून आतले धागे बघा. ते भुरभुरत असतील तर तो दोर ओंडक्याला लावू नका.

निळा, हिरवा, पिवळा प्लॅस्टिकचा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. नवा, चांगल्या प्रतीचा १२ मिलिमीटरचा दोर साधारण दोन टनांवर तुटतो. पण त्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. गाठ, जुनेपणा आणि हिसके धरून त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाच, म्हणजे सुमारे दोनशे किलोचा जोर सुरक्षित समजा. हा दोर उन्हात ठेवला की कमजोर होतो, हाताला भुकटी लागते. आणि घासला गेला की वितळतो.

नायलॉनचा दोर सर्वांत मजबूत, पण तो रबरासारखा ताणतो. तुटला किंवा सुटला तर साठवलेला सगळा जोर घेऊन मागे उसळतो. गाडीने ओढताना जे गंभीर अपघात होतात त्यांत हा प्रकार असतो. कपडे वाळत घालायची दोरी आणि गाडीच्या टपावर सामान बांधायची दोरी ही या कामाची नव्हेच.

ओंडकागाठ कुठे चालत नाही?

या गाठीचा गुण हाच तिचा दोष आहे. ताण गेला की ती सैल होते. सपाटीवर किंवा चढावर सतत ओढ असते, तिथे ती उत्तम. पण आपल्या भागातली जमीन म्हणजे उतार आणि मेरा. उतारावर ओंडका आपणहून पुढे धावतो, दोर सैल पडतो, गाठ उलगडते, आणि पुढच्या क्षणी ओंडका मोकळा असतो.

उतारावर ओंडका ओढायचा नसतो, सोडायचा असतो. त्यासाठी मागच्या टोकाला दोर बांधायचा आणि तो वरच्या बाजूच्या जिवंत, मजबूत झाडाभोवती गुंडाळून हळूहळू सोडायचा. इथे कामाला येते ती सरकती बोलाइन. आधी दोर ओंडक्याभोवती घ्या. मग त्याच्या टोकाने ओढीच्या दोराभोवती एक छोटी बोलाइन मारा. ती आठवायला सोपी आहे. दोराचा एक लहान गोल म्हणजे बीळ, ओढीचा दोर म्हणजे झाड. टोकरूपी ससा बिळातून वर येतो, झाडामागून फिरतो आणि परत बिळात जातो. फक्त हे सगळं करताना तिच्या गोलात ओढीचा दोर अडकलेला हवा. आता ओढलं की फास ओंडक्यावर आवळतो, ताण गेला तरी गाठ जागेवर राहते, आणि काम झाल्यावर ती हाताने सुटते. मागच्या टोकाजवळही फास निसटू नये म्हणून इथेही खाच पाडा.

झाडाभोवती किती वेढे? इथे एक गंमत आहे, ती अकरावी-बारावीच्या मुलांना आवडेल. झाडाच्या सालीशी होणारं घर्षण प्रत्येक वेढ्यागणिक बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतं. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एक पूर्ण वेढा हातातला जोर ६.६ पट करतो. दोन वेढे सुमारे ४३ पट, तीन वेढे सुमारे २८५ पट. म्हणजे दोन वेढ्यांनंतर २० किलोच्या जोराने धरणारा माणूस ८०० किलोंहून जास्त ओढ थोपवू शकतो. दोर ओला आणि साल शेवाळलेली असेल तर आकडे कमी होतात, पण तत्त्व तेच. बंदरात जाड खुंटाभोवती दोर गुंडाळून जहाज थांबवतात, त्यामागेही हेच गणित आहे. झाडाची साल सोलू नये म्हणून खाली गोणपाट गुंडाळा, आणि दोर हाताला कधीही वेढू नका.

कधी कधी गाठच नको

ओंडका टेम्पोत किंवा चौथऱ्यावर चढवायचा असेल तर आणखी एक जुनी युक्ती आहे. दोन मजबूत फळ्या किंवा वासे उतरंडीसारखे लावा. दोन दोरांची एकेक टोकं वर टेम्पोत घट्ट बांधा. दोर खाली आणून ओंडक्याखालून घ्या आणि पलीकडून परत वर आणा. आता वर उभं राहून दोन्ही मोकळी टोकं सारखी ओढली की ओंडका घरंगळत वर चढतो. ओंडकाच स्वतःची फिरती कप्पी होतो, म्हणून जोर जवळपास निम्मा लागतो. ओंडक्याला एकही गाठ नाही, त्यामुळे सोडायचीही नाही.

मात्र या वेळी ओंडक्याच्या खालच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. ‘मी खालून रेटतो’ म्हणणाऱ्या उत्साही भावाला आधी बाजूला घ्या. दर दोन फुटांवर मागे लाकडी पाचर सरकवत जा, तीही बाजूने.

ज्यांच्या हातात हे आहे

आपल्या समाजाला दोराचं काम नवीन नाही. बैलाचा कासरा, गाईचं दावं, मोटेचा नाडा, जाडजूड चऱ्हाट, काथ्याचं सुंभ असे किती शब्द आपल्याकडे आहेत बघा. एवढे शब्द असतात तिथे एवढी कामं असतात. शिमग्यात गोव्यात आणि तळकोकणात अनेक गावं आजही होळीसाठी आंब्याचं किंवा पोफळीचं उंच खोड ढोलाच्या तालावर वाजतगाजत आणतात. ते काम पुस्तक वाचून होत नाही. कोण पुढे, कोण मागे, कधी थांबायचं, हे एक जाणता माणूस सांगतो आणि पन्नास जण ऐकतात.

जंगलातल्या कामातही हेच. गडचिरोली जिल्ह्यातल्या कमलापूरच्या वनखात्याच्या हत्तींकडून पूर्वी लाकूड ओढण्याची कामं करून घेत. ओंडके ओढायला शिकवलेला हत्ती अनेक ठिकाणी दोर दाढेत धरतो आणि मान वर करून ओंडक्याचं पुढचं टोक उचलतो. म्हणजे टोक जमिनीत रुतत नाही. आणि ओंडका घसरू लागला तर हत्ती नुसतं तोंड उघडतो, दोर सुटतो. पुढचं टोक उचललेलं असावं आणि वेळ आली तर सुटता यावं, या दोन गोष्टी माणसांनाही तितक्याच लागू आहेत.

तुमच्या गावातही असा जाणता कोणीतरी असेल. बागेत काम करणारे मामा असतील, एकेकाळी वखारीत लाकूड चढवलेले काका असतील. त्यांना गाठीचं इंग्रजी नाव माहीत नसेल, पण दोर हातात दिला की बोटं आपोआप फिरतील. त्यांना विचारा, फोनवर व्हिडिओ करून ठेवा, आणि त्यांच्या तोंडी त्या गाठीला जे नाव असेल ते लिहून घ्या.

ओढण्याआधी वाचून घ्या

• हुकूम एकाचाच. बाकीच्यांनी ‘थांब’ मात्र कोणीही म्हणावं, आणि ते ऐकताच सगळ्यांनी थांबावं.

• ताणलेल्या दोराच्या रेषेत, दोराच्या वळणाच्या आतल्या बाजूला आणि ओंडक्याच्या उतरत्या बाजूला कोणी नको. लहान मुलं आणि कुत्री घरात.

• दोर मनगटाला किंवा कमरेला गुंडाळून ओढू नये. हातमोजे घालावेत.

• झाडाला कप्पी लावून दोर उलटा फिरवला तर त्या झाडावर ओढीच्या जवळपास दुप्पट ताण येतो. वाळकं किंवा मुळं उघडी पडलेलं झाड घेऊ नये.

• गाडीने ओढायचं झालं तर दोर टो-हुकलाच, बंपरला कधीच नाही. दोरावर मध्यभागी ओलं गोणपाट टाकावं. गाडी हळूहळू पुढे घ्यावी, हिसका देऊ नये.

• उभं झाड तोडायचं असेल तर आधी परवानगी. कर्नाटकात १९७६चा आणि गोव्यात १९८४चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. पडलेलं लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तरी आधी वनखात्याकडे चौकशी करावी.

घरच्या घरी सराव

हे सगळं शिकायला झाड पडण्याची वाट बघायला नको. स्वयंपाकघरातलं लाटणं घ्या आणि एक परकराची नाडी. लाटण्याच्या मध्यावर ओंडकागाठ मारा, टोकाजवळ एक अर्धा वेढा द्या, आणि जेवणाच्या टेबलावरून ओढून बघा. लाटणं सरळ आलं का? आता अर्धा वेढा काढून ओढा. ते कसं तिरकं होतं ते दिसेल. मग नाडी सैल सोडा आणि गाठ किती सहज उलगडते ते बघा. टोक मुद्दाम चुकीच्या दोराभोवती पिळून एक हिसकाही द्या. एकदा ती डोळ्यांदेखत सुटलेली पाहिली की पुन्हा विसरणार नाही.

दहा वेळा केलंत की डोळे मिटून करून बघा. आणि या गणपतीला गावी जाल तेव्हा माळ्यावरचा दोर खाली काढा. त्याचा पीळ उकलून आतले धागे तपासा, कुजलेला असेल तर फेकून द्या आणि बाजारातून नवा आणून जागेवर ठेवा. तो कुठे ठेवलाय, हे घरातल्या दोघा-तिघांना तरी सांगून ठेवा.